सी३ कमी आलंय, काय खायला देऊ?

नौपाड्यातल्या कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर बसायचे तेव्हा हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी यायचाच. रिपोर्ट घेऊन गेलेलं माणूस दहा मिनिटांनी जिना चढून परत यायचं, ठळक छापलेल्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "मॅडम, हे कमी दाखवतंय. काय खाल्लं की वाढेल?" बरोबरच आहे म्हणा. हिमोग्लोबिन कमी आलं की बीट आणि खजूर, कॅल्शियम कमी आलं की नाचणी. मग सी३, म्हणजे रक्तातलं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन, कमी आलं की काय? मी आपलं ठरलेलं उत्तर द्यायचे, "डॉक्टरांना विचारा." खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मशीन कसं चालवायचं, कंट्रोल कुठे बसले पाहिजेत, कुठला आकडा आला की वरिष्ठांना फोन करायचा, हे सगळं पाठ. त्या आकड्यामागे शरीरात काय चाललेलं असतं ते कळलं गेल्या पावसाळ्यात, आणि तेही स्वतःच्या घरात.

मी कोपरीत राहते, ठाणे पूर्वेला. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून एकोणीस वर्षं झाली. आधी ते काउंटर, आता चार वर्षं रोज ट्रान्सहार्बरने तुर्भ्याला, एका मोठ्या लॅबमध्ये. तिथे माणसं दिसत नाहीत, नुसते बारकोड. गावोगावचे नमुने बर्फाच्या पिशव्यांतून येतात, मशीनवर चढतात आणि रात्रीपर्यंत आकडे होऊन बाहेर पडतात.

आषाढात माझ्या धाकट्याला (वय सात, दुसरी इयत्ता) नडगीवर डास चावले. शाळेचे बूट पावसात ओले, मोजे ओले, आणि हा दिवसभर बाकाखाली पाय खाजवणार. पुळ्या झाल्या, त्यात पू झाला, वर मधाच्या रंगाची खपली धरली. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल लावलं, मी केमिस्टकडून ट्यूब आणून लावली. दहाएक दिवसांत खपल्या पडल्या, काळपट डाग राहिले. डॉक्टरकडे नेलं नाही. घरात लॅबवाली असली की हे असं होतं, सगळं आपल्याला कळतं असं घरच्यांनाही वाटतं आणि तिलाही.

मग नारळी पौर्णिमा आली. चेंदणी कोळीवाड्यात संध्याकाळच्या नारळाची तयारी चाललेली, आमच्या स्वयंपाकघरात नारळीभाताचा वास. हा उठून आला तो डोळे सुजवून. पापण्या अशा फुगलेल्या की बुबुळं जेमतेम दिसत होती. आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, "रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघतो, दुसरं काय." मलाही वाटलं काहीतरी चावलं असेल. पाच मिनिटांनी बाथरूममधून हाक आली, "आई, माझी शू कोकासारखी झालीय!" आवाजात घाबरलेपण नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता.

मी धावले. लाल नव्हती. कोरा चहा गॅसवर विसरला की होतो तसा रंग, आणि त्यावर एक धुरकटपणा. मूत्राशयातून किंवा खालून रक्त आलं तर ते लालसर दिसतं. तपकिरी दिसलं की रक्त वरून, किडनीतून आलंय आणि वाटेत आम्लात मुरलंय अशी शंका घ्यायची, हे मला माहीत होतं. त्या क्षणी माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मुलांच्या डॉक्टरांनी आधी त्याचा रक्तदाब घेतला. लहानांचा पट्टा शोधायलाच जरा वेळ लागला. १३४ आणि ९२. सात वर्षांच्या मुलाला! त्यांच्या खालच्याच मजल्यावर छोटी लॅब आहे, तिथे माझी जुनी मैत्रीण बसते. तिने लघवी पाच मिनिटं हळू फिरवली. जोरात फिरवली तर जे बघायचं तेच तुटतं. वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा थेंब काचेवर घेतला, वर कव्हरस्लिप ठेवली. तिने आधी बघितलं, मग काही न बोलता स्टूल सरकवून दिलं.

लाल पेशी मोजायचा प्रश्नच नव्हता, सगळीकडे त्याच. पण गोल नव्हत्या. कुणाला कान फुटलेले, कुणी मुरडलेली, कुणी अर्धीच. बारीक जाळीतून ओढून काढल्यावर व्हायच्या तशा. काच सरकवत कोपऱ्यात गेले आणि ती दिसली: विटकरी रंगाची नळी, दोन्ही कडा समांतर, आत पेशी ठासून भरलेल्या. सोऱ्यातून शेव पडते ना, तशी. आणि ती तशीच पडलेली असते. किडनीतल्या बारीक नळीत रक्त अडकतं, तिथल्या प्रथिनात थिजतं आणि त्या नळीच्या मापाचा साचा होऊन बाहेर येतं. रेड सेल कास्ट. परीक्षेच्या चित्रात शंभरदा काढलाय. नोकरीत मात्र फार कमी दिसतो, नमुना ताजा नसला की विरघळून जातो. इतका सुबक कास्ट मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो माझ्याच मुलाचा होता.

"आजच दाखवा," मैत्रीण एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आम्ही ॲडमिट होतो. मुलांच्या किडनीच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगीवरच्या डागांवर अंगठा फिरवला. "हे कधीचं?" "चार आठवडे झाले." त्यांनी मान हलवली. मग रक्ताची यादी: क्रिएटिनिन, प्लेटलेट, स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघायचा), एएसओ, सी३, सी४.

एएसओ नॉर्मल आला तेव्हा मी वेड्यासारखी खूश झाले. स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा संसर्ग होऊन गेला का ते सांगणारी ही चाचणी, म्हणजे तो झालाच नव्हता! डॉक्टरांनी माझा आनंद दोन वाक्यांत संपवला. घशातून झालेल्या संसर्गात एएसओ वाढतो, कातडीतून झालेल्या संसर्गात तो बऱ्याचदा वाढतच नाही. तिथे अँटी-डीएनेज बी ही दुसरी अँटिबॉडी जास्त भरवशाची. एकोणीस वर्षं एएसओ लावतेय मी.

आणि सी३ आला २२. नॉर्मल ९० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. सी४ मात्र २६, अगदी मधोमध.

आई डबा घेऊन आल्या होत्या, बिनमिठाचा वरणभात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराने हात पुसत डॉक्टरांना विचारलं, "ते सी३ का काय ते कमी आलंय म्हणता, मग त्याला काय खायला देऊ?"

मी खाली बघितलं. काउंटरवरची सगळी माणसं एका रांगेत डोळ्यांपुढे आली.

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, ते कमी तयार होत नाहीये, जास्त खर्च होतंय. खायला देऊन उपयोग नाही. आपल्याला खर्च थांबायची वाट बघायचीय."

मग त्यांनी टाकीचं उदाहरण दिलं. गच्चीवरची टाकी रिकामी झाली तर दोन कारणं असू शकतात, महापालिकेचं पाणी आलं नाही किंवा मधे कुठेतरी पाइप फुटून पाणी कुणाच्या तरी घरात शिरतंय. इथे दुसरं झालंय. पाणी तिच्या किडनीत... "त्याच्या," आईंनी दुरुस्ती केली. "हां, त्याच्या किडनीत शिरलंय. भिंती भिजताहेत त्या आपल्याच पाण्याने."

त्या चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. दर लघवी मापायची, लिहायची, सकाळी वजन. मधल्या वेळात मोबाइलवर वाचत होते, आणि वाचता वाचता एक जुनी गोष्ट सापडली.

डीएमएलटीला व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, शिकवताना सर सांगायचे, सीरम आधी ५६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवा. का? "कॉम्प्लिमेंट मारायला." (सी३, सी४ हे त्याच कॉम्प्लिमेंटचे भाग.) आम्ही वहीत लिहून घेतलं. ज्याला मारायचं तो कोण, हे वर्गात कुणीही विचारलं नाही. तर त्या तापवण्याची गोष्ट जाते ज्यूल्स बोर्डे या बेल्जियन माणसापर्यंत. १८९० च्या दशकात तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. लस दिलेल्या प्राण्याचं ताजं सीरम जंतूंना फोडतं, पण तेच तापवलं की फोडेनासं होतं, हे त्याने पाहिलं. आणि त्यात, तो जंतू जन्मात न पाहिलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं की पुन्हा फोडायला लागतं! म्हणजे रक्तात दोन गोष्टी आहेत. एक उष्णता सोसणारी, नेम धरणारी, ती अँटिबॉडी. दुसरी नाजूक, सगळ्यांच्याच रक्तात जन्मापासून असलेली. तिला नेम नाही, पण मारते तीच. पॉल एर्लिखने या दुसरीचं नाव कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक, असं ठेवलं. बोर्डेला १९१९ चं नोबेल मिळालं. (इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराची चूक झाली की या शब्दाचा अर्थ 'कौतुक' होतो. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक फॉर्मवर डॉक्टरांनी रुग्णाचं कौतुक तपासायला पाठवलेलं असतं.)

नाजूक म्हणजे किती, ते मला एकदा महागात पडून कळलं होतं. काउंटरवर असताना मे महिन्यात सीएच५० चा नमुना आला होता. ही चाचणी सगळं कॉम्प्लिमेंट मिळून काम करतं का ते बघते. मेंढीच्या लाल पेशींना अँटिबॉडी चिकटवायची, रुग्णाचं सीरम घालायचं आणि किती पेशी फुटतात ते मोजायचं. बोर्डेचंच घराणं. सीरम वेगळं करून लगेच गोठवायचं असतं. मी वेगळं केलं, ट्यूब स्टँडला लावली, जेवायला गेले, परत आले तर काउंटरवर गर्दी. ट्यूब चार वाजेपर्यंत तशीच उकाड्यात. रिपोर्ट जवळजवळ शून्य. डॉक्टरांचा फोन आला, "सी३, सी४ दोन्ही छान आणि हे शून्य कसं? नमुना कसा पाठवलात?" मी खरं ते सांगितलं. त्या बाईंना दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली, त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. दुसरा रिपोर्ट नॉर्मल.

बाहेर काढलं की दुपारभरात मरणारी ही चीज शरीरात मात्र भारी आहे. यकृतात तयार होते आणि रक्तात झोपलेल्या अवस्थेत फिरत असते. सी१ ते सी९ ही मुख्य मंडळी. काम करायचा क्रम मात्र १, ४, २, ३, ५ असा आहे, कारण नंबर सापडले त्या क्रमाने दिले. जुन्या वसाहतीत बारा नंबरची इमारत सात नंबरच्या मागे सापडते, त्यातलाच प्रकार. या सगळ्यांत मध्यावर सी३. त्याचे दोन तुकडे झाले की मोठा तुकडा, सी३बी, जवळ जो पृष्ठभाग मिळेल त्याला चिकटतो. तो जंतू असो की आपली पेशी. चिकटलेला तुकडा पुढचे सी३ तोडायचं यंत्र बनवतो, ते आणखी तोडतं. एकाचे दहा, दहाचे शंभर. पुढे सी५ फुटतो. त्याचा छोटा तुकडा सी५ए रक्तात हाकाटी घालतो आणि न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, धावत येतात. मोठा तुकडा सहा, सात, आठ आणि बरेचसे नऊ गोळा करून समोरच्या पेशीला भोक पाडतो. नळीसारखं, साधारण दहा नॅनोमीटर रुंद.

मग आपण सगळे रोज विरघळून का जात नाही? ब्रेक आहेत म्हणून. आपल्या पेशी अंगावरच काही प्रथिनं बाळगतात, ती चिकटलेल्या सी३बीचे तुकडे पाडतात किंवा यंत्र मोडतात. शिवाय रक्तात फॅक्टर एच नावाचा एक पहारेकरी फिरतो. आपला पृष्ठभाग ओळखून तिथे बसतो आणि आग वाढू देत नाही. आणि आता किडनीचं दुर्दैव बघा. तिथल्या गाळणीचा मधला पडदा हा पेशीच नाही, नुसता विणलेला पडदा. त्याच्या अंगावर स्वतःचा ब्रेक नाही, तो फॅक्टर एचच्या भरवशावर. शिवाय दिवसभर सगळं रक्त तिथूनच गाळलं जाणार.

माझ्या मुलाचं झालं ते असं. नडगीवरच्या स्ट्रेप्टोकॉकसचे प्रथिनांचे तुकडे रक्तातून जाऊन त्या गाळणीत अडकले. अँटिबॉडी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागले, त्या तिथे जाऊन बसल्या, आणि कॉम्प्लिमेंट पेटलं. पुळ्या तोवर बऱ्या झाल्या होत्या. किडनीत जिवंत जंतू एकही नव्हता. न्यूट्रोफिल्स मात्र आले, मारायला काही सापडलं नाही, तरी आपली एन्झाइम्स तिथेच ओकले. जाळी फाटली, रक्त गळलं. मला मायक्रोस्कोपखाली दिसलेली ती शेव जंतूने पाडलेली नव्हती, त्याच्या स्वतःच्या रक्ताने पाडली होती. हे वाचल्यावर मी मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ ठिबकणाऱ्या बाटलीकडे बघत बसले.

सी४ नॉर्मल असण्यालाही अर्थ होता. पेटायच्या वाटा तीन, त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या. अँटिबॉडीवरून पेटणारी क्लासिकल वाट सी४ खर्च करते, सी३ वरून थेट पेटणारी आल्टरनेटिव्ह वाट सी४ ला हात लावत नाही. लूपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) भडकला की साधारणपणे सी३ आणि सी४ दोन्ही खाली जातात. पुळ्यांनंतरच्या किडनीच्या सुजेत बहुतेकदा एकटा सी३ पडतो. म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवून डॉक्टर पाइप कुठे फुटलाय ते बघत असतात. आणि आम्ही ते दोन वेगवेगळ्या ओळींत छापतो आणि विसरून जातो.

लूपसवरून आठवलं. काउंटरवर एक मुलगी यायची, दर तीन महिन्यांनी सी३, सी४ आणि लघवी. मार्च २०२० मध्ये तिचा फोन आला, तपासणीसाठी नाही, "ताई, तुमच्या ओळखीत कुणा केमिस्टकडे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आहे का? चार दुकानं पालथी घातली." कोरोनावर चालतं अशी हवा झाली होती आणि लोकांनी घरात पत्ते भरून ठेवले होते. त्याच महिन्यात सरकारने ते औषध शेड्यूल एच१ मध्ये टाकलं, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळेनासं केलं. तेव्हा मी तिला एक पत्ता मिळवून दिला आणि माझं काम झालं असं मला वाटलं. ती गोळी थांबली तर तिचा आजार भडकू शकतो, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

स्मिअर कशासाठी काढला ते मी डॉक्टरांना विचारलं. "तुटक्या लाल पेशी आणि कमी प्लेटलेट सापडल्या असत्या तर वेगळी गोष्ट होती." ती वेगळी गोष्ट म्हणजे एचयूएस, लाल पेशी तुटून किडनीच बंद पडू शकते असा आजार. त्याच्या एका प्रकारात तर कॉम्प्लिमेंटचा ब्रेकच बिघडलेला असतो. त्यातल्या भारतातल्या मुलांची तपासणी झाली तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलांत फॅक्टर एचविरुद्धच अँटिबॉडी सापडल्या. आपल्याच पहारेकऱ्याला आपणच बांधून ठेवलं! इतर देशांत हे प्रमाण बरंच कमी आहे. अशा मुलांचा प्लाझ्मा बदलावा लागतो, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. सी५ ला थेट धरून ठेवणारं औषधही आहे, एक्युलिझुमॅब. अमेरिकेत २००७ मध्ये एका रक्ताच्या आजारासाठी मंजूर झालं, २०११ मध्ये या एचयूएससाठी. ते द्यायच्या आधी मेनिंजायटिसची लस द्यावी लागते, कारण मेनिंगोकॉकस हा जंतू आवरायला शेवटी हेच भोक पाडणारं पथक लागतं. किंमत मात्र आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराने विचारूही नये अशी. आता सी५एची हाक ऐकू येऊ न देणाऱ्या आणि आल्टरनेटिव्ह वाट अडवणाऱ्या गोळ्याही निघाल्यात. एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या गोष्टीला लगाम घालायला एकविसावं उजाडलं.

माझ्या मुलाला यातलं काही लागणार नव्हतं. पाण्याचा निचरा करणारं फ्युरोसेमाइड, रक्तदाबाची गोळी, उरलेसुरले जंतू घालवायला अँटिबायोटिक, मीठ बंद. बाकी वाट बघणं. मी डॉक्टरांना विचारलंच, पुळ्यांना वेळेवर औषध दिलं असतं तर? "तरी टळलं असतंच असं नाही. पण दुसऱ्या मुलांना तरी लागण झाली नसती." मला धीर द्यायला म्हणाल्या की टोचायला, ते अजून ठरवता आलेलं नाही.

पाचव्या दिवशी घरी आलो. लघवीच्या रंगांची यादी धाकट्याने स्वतः केली: कोका, कोरा चहा, कोकम सरबत, उसाचा रस, लिंबू सरबत. रोज सकाळी बाथरूममधून जाहीर करायचा. सरबतांपर्यंत यायला बारा दिवस लागले. मोठीने ताईपणाने यादी फ्रिजवर चिकटवली आणि पाहुणे आले की मी ती काढून ठेवायची.

गणपतीला माझ्याकडून एक मूर्खपणा झाला. सी३ साधारण सहा ते आठ आठवड्यांत नॉर्मलला येतो, तेव्हाच तपासायचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तीन महिने होऊनही वर आला नाही तर हे साधं प्रकरण नाही असं समजून बायोप्सी, कारण सी३ ग्लोमेरुलोपॅथी नावाचा आजार सुरुवातीला अगदी असाच दिसू शकतो. त्यात खर्च थांबतच नाही. हे तीन शब्द डोक्यात गेले आणि बाहेर येईनात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी घरीच त्याचं रक्त काढलं, पिशवीत बर्फ घातला आणि लोकलने तुर्भ्याला नेलं. ऐरोलीपासून घणसोलीपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसले होते, शेजारच्या बाईंना वाटलं मोदक आहेत. पैसे भरले, मशीनवर लावलं. ४३. दुप्पट झाला होता, तरी मला दिसलं ते नॉर्मलच्या निम्मंच.

डॉक्टरांना फोन केला तर त्या चिडल्या. "पोळी पलटायच्या आधी चार वेळा उचलून बघता का हो? उगाच पोराला टोचलंत. रक्तदाब बरा आहे ना? सूज उतरली ना? मग आता नवरात्रापर्यंत मला फोन करू नका." आई मागे उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "मी खायला काय देऊ विचारलं तर हसलात मनात. तू तरी वेगळं काय केलंस?" उत्तर नव्हतं. त्या तेव्हापासून त्याला रोज दोन खजूर देतातच, मी बघते आणि काही बोलत नाही.

घटस्थापनेच्या आठवड्यात ७९. डॉक्टर म्हणाल्या, छान, अजून दोन आठवडे.

मग कोजागिरी. नारळी पौर्णिमेपासून बरोबर दोन पौर्णिमा. त्या दिवशी नमुना आमच्याच लॅबला आला, पण मी तो लावला नाही. माझ्या ज्युनियरला सांगितलं आणि स्वतः थायरॉइडच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. सी३ मोजायचं काम बघायला काहीच नसतं. सीरममध्ये सी३ विरुद्धची अँटिबॉडी पडते, दोघांची गाठ पडली की द्रव किंचित गढूळ होतो, आणि गढूळपणावरून मशीन आकडा काढतं. ताकात पाणी किती ते आई नुसत्या नजरेने सांगतात, त्यातलाच प्रकार. आठ-दहा मिनिटं. ज्युनियरने लांबून बोटांनी दाखवलं, एक, एक, चार. मला आधी वाटलं ती चौकशी करतेय की ११ वाजता चार कप चहा सांगायचा का.

११४.

रात्री गच्चीवर सोसायटीचं दूध होतं. ढग होते, चंद्र मधूनच दिसत होता, त्यामुळे आटवलेलं दूध पातेल्यात वाट बघत ताटकळलं. धाकट्याने एक पेला प्यायला आणि दुसऱ्यासाठी रांगेत उभा राहिला. त्याच्या लघवीत अजून लाल पेशी येतात, डोळ्यांना दिसत नाहीत, मायक्रोस्कोपखाली पाच-सहा. वर्षभर येऊ शकतात, डॉक्टरांनी सांगितलंय, दर तीन महिन्यांनी एकदा बघायचं आणि मधे नाही. "मधे नाही" खाली त्यांनी दोन रेघा मारल्यात.

यादी अजून फ्रिजवरच आहे. आज सकाळी मी डबा भरत होते आणि आतून आवाज आला, "आई, लिंबू सरबत! पण आता मी रोज रोज सांगणार नाही हां."